हप्ता आणि गॅरेजचं बिल

जुनी डिझेल पिकअप घ्यायला निघालेल्या माणसाला घरी परत पाठवणं हे बरीच वर्षं माझं काम होतं आणि त्याचा मला पगार मिळायचा. जुन्नर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी कर्जविभाग सांभाळत होतो. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीसाठी कोणी कर्ज मागायला आलं, की माझं उत्तर ठरलेलं : ‘‘जुनी गाडी म्हणजे गॅरेजवाल्याचा संसार चालवणं. थोडं थांब, मार्जिन जमव, नवीन घे. आम्ही आहोतच.’’ हे ‘आम्ही आहोतच’ मी अगदी मनापासून म्हणायचो. आज माझं ते मत राहिलेलं नाही. निवृत्त झाल्यावर शहाणपण सुचलं, असं कोणी म्हणेल. पण मत पालटलं ते खुर्चीत असतानाच. बोललो नाही, एवढंच.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण ते काही बिनबुडाचं नव्हतं. नव्या गाडीचं तारण भक्कम असतं. बारा वर्षांच्या गाडीचं मोल कोण ठरवणार? एक एजंट तीन लाख सांगतो, दुसरा दोन. मीटरचा आकडा तर खरा धरूच नये. कागदांचा खर्चही वयाबरोबर वाढतो. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी करावं लागतं, पुढे दरवर्षी. आठ वर्षांनंतर पर्यावरण कर लागतो. पंधरा वर्षं उलटली, की फिटनेसची फी २०२२पासून कित्येक पट झाली आहे. त्यात भर हंगामात गाडी बसली तर माल शेतात आणि माणूस गॅरेजात. आणि कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ची केस करून वसुलीला फिरायचं कोणी? मीच.

मत हललं ते थकबाकीच्या यादीमुळे. २०२३च्या जुलैत नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. ज्याचा प्लॉट त्या दिवसांत तोडणीला आला, त्याचं नशीब उघडलं. नव्या पिकअपची कोटेशनं घेऊन लोक आमच्या दारात उभे राहिले आणि आम्हीही हात आखडता घेतला नाही. सप्टेंबरात भाव असा कोसळला, की तोडणीची मजुरीही निघेना. पुढच्या मार्चएंडला मी वसुलीची यादी घेऊन बसलो, तेव्हा त्यातली बरीच नावं माझ्याच सह्यांची होती. या माणसांची शेती बुडाली नव्हती. गाड्याही ठणठणीत होत्या. त्यांना काम नव्हतं, इतकंच. टोमॅटोचे तीन-चार महिने, मग थोडे दिवस कांदा, अधूनमधून खताची नाहीतर वैरणीची खेप, आणि उरलेलं वर्ष गाडी दाराशी. गाडी उभी असली तरी हप्ता चालूच असतो.

मग जुन्या गाडीवाले कुठे होते? आमच्या यादीत ते नव्हतेच, कारण त्यांना आम्ही कर्जच दिलं नव्हतं. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. जुनी गाडी घेऊन फसलेला माणूस नव्या गाडीचं कर्ज मागायला माझ्याकडे यायचा, आपली सगळी रडकथा सांगायचा आणि ती ऐकून माझं मत आणखी पक्कं व्हायचं. जो फसला नाही, तो माझ्याकडे कशाला येईल? तो पतसंस्थेत यायचा, पण पलीकडच्या काउंटरवर, ठेव ठेवायला. पूर्वी मीच परत पाठवलेले एक शेतकरी तिथे एकदा भेटले. म्हटलं, ‘‘तात्या, घेतली का शेवटी जुनी?’’

‘‘घेतली की साहेब. मायको पंपाची आहे. एकदा इंजिनाचं काम निघालं, एकदा गिअरबॉक्सचं. तरी तुमच्या हप्त्यापेक्षा स्वस्तात पडली.’’

तात्यांचं म्हणणं मी कागदावर पडताळून पाहिलं. आठ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता १७,४०० रुपयांच्या घरात जातो, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या वर. पाच वर्षांत नुसतं व्याजच २ लाख ४४ हजार होतं. आता जुन्या गाडीचं इंजिन पार उघडायची वेळ आली असं धरा : लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम. साध्या इंजिनाचा हा सगळा खर्च पाच-सहा हप्त्यांत बसतो, आणि इंजिन काही दरवर्षी उघडावं लागत नाही.

रकमेपेक्षा मोठा फरक वेळेचा आहे. गॅरेजचं बिल कामाच्या मागून येतं. गाडी पळाली तर झिजते, आणि पळाली म्हणजे चार पैसे मिळालेले असतात. मिस्त्री ओळखीचा असेल तर निम्मे आता आणि निम्मे मालाच्या विक्रीची पट्टी आल्यावर, असंही चालतं. आमचा हप्ता कोणाची पट्टी आली की नाही, ते बघत नाही. पाच तारीख म्हणजे पाच तारीख. मी आयुष्यभर हिशेब केला तो किती पैसे द्यायचे याचा. ते कधी द्यायचे हा हिशेब शेतकऱ्याच्या डोक्यात होता, माझ्या नव्हता.

निवृत्तीनंतर पुतण्यासाठी गाडी बघायला मी स्वतः निघालो. बजेट तीन लाख. सोबत गावातला मिस्त्री. आदल्या दिवशी मालकाला फोनवर बजावलं होतं, ‘‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’’ पोचलो तर पिकअप अंगणात, नुकतीच धुतलेली. मिस्त्रीनं टायर बघितले नाहीत, मीटर बघितलं नाही. बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावला.

‘‘मालक, गाडी कोमट लागतीय.’’

‘‘धुवायला बाहेर काढली होती हो जरा.’’

‘‘बरं. मग आम्ही चहा पिऊन येतो. गार होऊ द्या.’’

गरम इंजिन कसंही सुरू होतं. रिंगा झिजल्या आहेत की नाही, हे थंड इंजिन सांगतं. दुपारी परत गेलो. सेल्फ मारला, गाडी लगेच उचलली. पांढरा धूर आला आणि मिनिटभरात विरला. तो विरला नसता तर दाब कमी असल्याची किंवा सिलिंडरात पाणी उतरत असल्याची शंका घ्यायची. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय, नाहीतर हवा कमी मिळतीय. मग मिस्त्रीनं ऑइल भरायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवलं. ‘‘साहेब, हे बघा. रिंगा गेल्या असत्या तर खालच्या वाफेनं झाकण उडून पडलं असतं. हे नुसतं थरथरतंय.’’ पुतण्याचा चेहरा खुलला. मिस्त्री मात्र पोतं अंथरून गाडीखाली शिरला आणि पान्यानं चेसीस ठोकत मागे सरकत गेला. मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी आवाज बदलला. बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, ‘‘इथं जोड दिलाय. वरून रंग मारलाय.’’

१,३०० किलोच्या पिकअपमध्ये २० किलोचे फार तर ६०-६५ क्रेट नियमात बसतात. आमच्याकडे हौद्याच्या वर आणखी थर चढतात, फाळका दोरीनं बांधला जातो आणि तो सगळा जादा भार शेवटी चेसीसवर येतो. इंजिन पुन्हा करता येतं, वाकून तुटलेली चेसीस पहिल्यासारखी होत नाही. ती गाडी सोडली. पुढे दुसरी मिळाली. रंग उडालेली, सीट फाटकी, पण चेसीस कोरी आणि मालक पहिलाच.

कागदांच्या बाबतीत मी अजूनही पूर्वीइतकाच कडक आहे. चेसीसवर ठोकलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात पडेपर्यंत इसार द्यायचा नाही. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म नुसते सही करून घेऊन खिशात ठेवायचे नाहीत, गाडी नावावर चढवूनच मोकळं व्हायचं. दंडाच्या पावत्या एमपरिवहनवर आधीच बघायच्या. एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर परमिट लागत नाही, पण पासिंग आणि विमा लागतोच. आणि तीन लाख हातात असतील तर गाडी सव्वादोनची बघायची. उरलेले पाऊण लाख क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बॅटरी, टायर आणि ऑइल-फिल्टरचे. ते पहिल्या वर्षात लागतात, कोणालाही चुकत नाहीत.

गाडीचं सालही विचार करून निवडावं. बीएस-३ गाड्यांची विक्री मार्च २०१७मध्ये संपली. त्या काळातल्या बऱ्याच पिकअपना यांत्रिक पंप आहे, तात्या म्हणाले तसा मायको, आणि तो तालुक्याच्या गावात दुरुस्त होतो. त्यानंतरच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारच्या वर दाबानं जातं. ती चालतात छान, अ‍ॅव्हरेजही देतात, पण टाकीत पाणी गेलं तर इंजेक्टरचं बिल डोळे पांढरे करतं. बीएस-६ डिझेलला काजळी अडवणारी गाळणी असते. लांब पल्ल्यावर इंजिन नीट तापलं की ती काजळी जळून जाते. वाडीतून बाजार आणि बाजारातून वाडी एवढ्यावर ती तुंबायला लागते.

म्हणून सगळ्यांनीच जुनी घ्यावी, असं मी म्हणणार नाही. रोज रात्री वाशीला माल पोचवणाऱ्यानं किंवा पहाटे दूध उचलणाऱ्यानं नवीच घ्यावी. त्याची गाडी उभी राहत नाही, त्यामुळे हप्ता त्याला जड जात नाही, आणि माळशेज घाटात रात्री दोन वाजता बंद पडलेली गाडी त्याला परवडत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही त्याला फायदा आहे. आणि धुराचा मुद्दा मला खोडता येत नाही. जुनी पिकअप चढाला काळं सोडते, ते मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातं. वर्षाकाठी फार पळत नाही, हे त्यावरचं समर्थन आहे, उत्तर नाही.

तरीही हंगामापुरती गाडी लागणाऱ्या, दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला मी आता परत पाठवणार नाही. त्याला आधी विचारीन, वर्षातले किती दिवस तुझा हौदा भरणार आहे? मग गाडीचं बोलू.

माझ्या जागी आता एक तरुण मुलगा बसतो. त्याला हे सगळं सांगितलं तर हसून म्हणाला, ‘‘साहेब, तुमच्या मतानं चाललं तर आमचं कर्जवाटपच थांबेल.’’ थांबायचं कारण नाही. जुनी गाडी शेतकरी स्वतःच्या पैशानं घेईल. त्याची अडचण होते ती त्यानंतर, पहिल्या दुरुस्तीला, कारण सगळी रक्कम गाडीतच घातलेली असते. तेव्हा त्याला पाऊण लाख द्या, दीड वर्षाच्या मुदतीनं, आणि हप्ता दर महिन्याला न ठेवता टोमॅटोच्या आणि कांद्याच्या पट्ट्या येतात त्या महिन्यांत ठेवा. संचालक मंडळापुढे तसा अर्ज मी सभासद म्हणून दिला आहे. आमच्या संस्थेत अजून असं कर्ज कोणाला मिळालेलं नाही, आणि इतकी वर्षं ते न मिळण्यात माझाही वाटा होता.