ताण्याची खळ

दख्खनच्या काळ्या मेंढीच्या लोकरीपासून विणलेल्या घोंगडीची परीक्षा गिऱ्हाईक तिचा रंग, वजन आणि काठाचा सरळपणा पाहून करते. परंतु सांगली, सोलापूर, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या सणगर विणकराचे कसब खड्डामागावर बसण्याआधीच, ताण्याला खळ देताना, पणाला लागलेले असते. ताणा म्हणजे कापडाच्या लांबीतील उभे धागे, आणि खळ म्हणजे चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून शिजवलेली चिकट पेज, जी उघड्यावर ताणलेल्या धाग्यांना कुंच्याने दिली जाते.

सुती ताण्यालाही खळ लागते, तथापि लोकरीची अडचण निराळी आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात; त्यात दख्खनी लोकर राठ, आणि मेंढी वर्षातून दोनदा कातरली जात असल्याने तंतूही आखूड, त्यामुळे हातसुताच्या अंगातून असंख्य टोके बाहेर डोकावत राहतात. धोट्याच्या प्रत्येक फेरीनंतर फणी पुढे येते, शेजारचे धागे परस्परांवर घासतात, टोके एकमेकांत गुंततात आणि धागा तुटतो. ही टोके धाग्याच्या अंगाला चिकटवून बसवणे हे खळीचे काम होय. पातळ खळीने ती बसत नाहीत. दाट खळ शेजारच्या धाग्यांनाच एकमेकांशी जोडते आणि वाळल्यावर धागा ताठ होऊन मोडतो. ढगाळ हवेत ताणा लवकर सुकत नाही, आणि अर्धवट सुकलेले धागे विलग करू जाता बसलेली टोके पुन्हा उभी राहतात. कालचे प्रमाण आज लागू पडेलच असे नाही, म्हणून मुरलेला विणकरही दर वेळी खळ दोन बोटांत घोळवून पाहिल्याशिवाय कुंचा उचलत नाही.

या अडचणीचे मूळ पिळात आहे. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या गुंडाळीतून, एकसारखा घट्ट पीळ देत काढलेल्या सुतात टोके आपसूक आवळली जातात आणि खळ बेताची पुरते. असे सूत काढणाऱ्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत, आणि त्यांच्या लेकीसुना चरख्यावर बसत नाहीत, कारण दिवसभराच्या कताईची मजुरी शेतमजुरीच्या जवळपासही पोहोचत नाही. सूत काढणारीची नजर व बोटे थकली की पीळ सैल पडतो, आणि ती उणीव विणकर खळ दाट करून भरून काढू पाहतो. ते साधत नाही. आतून सैल राहिलेल्या धाग्यावरचा लेप ताण पडताच तडकतो.

विणकराला हे मान्य करणे जड जाते, कारण घोंगडीचा लौकिक मागावर बसणाऱ्याच्या नावाने चालत आला आहे. खळीचे प्रमाण घराबाहेर जाऊ न देणे, दुसऱ्याच्या घोंगडीचा काठ चिमटीत धरून नाक मुरडणे, हा अहंकार या व्यवसायात खोलवर रुजलेला आहे. सूत काढणारीचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. तो अहंकार समजण्यासारखा असला, तरी न्याय्य नाही.

जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून बनणारी पानिपतची स्वस्त ब्लँकेटे हे विणकरांच्या तक्रारीचे नेहमीचे कारण असते. परंतु ती घोंगडीची जागा घेऊ शकत नाहीत, पावसात खोळ करून डोक्यावरून घेण्याचे काम त्यांच्याने होत नाही. अधिक गंभीर बदल कळपात घडला आहे. मांसाला भाव असल्याने मेंढपाळ माडग्याळसारख्या, अंगाने मोठ्या पण लोकर जवळजवळ नसलेल्या मेंढ्यांकडे वळले आहेत, आणि दख्खनी मेंढीची लोकर कातरणावळही भागवत नसल्याने पुष्कळदा माळावरच टाकून दिली जाते.

या साऱ्यावर काही विणकरांनी गिरणीच्या सुती ताण्याचा उपाय काढला आहे. त्याची टोके फारशी डोकावत नाहीत, खळीची एवढी यातायात नाही, आणि माग विनाखंड चालतो. मात्र भिजून चोळली गेल्यावर आडव्या धाग्यांतील लोकर आटते, सुती ताणा तेवढा आटत नाही, आणि दोघांची ओढ जुळेनाशी झाली की कापडाला चुण्या पडतात. अशा कापडाला घोंगडी म्हणू नये. ज्या विणकरांना हे पटले आहे, ते आजही पिळाच्या सुतासाठी गावोगाव चौकशी करतात, आणि असे सूत थोडेच मिळाले तर ते ताण्यासाठी राखून सैल सूत आडव्या धाग्यांत वापरतात.