पट्टीवरचे साल

तंजावरास आमच्या शेजारच्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडे वडिलार्जित जीप होती. पुढल्या फळीवरील पितळी पट्टीवर साल होते १९४४. महायुद्धातली गाडी म्हणून गिऱ्हाईक चढे दाम देत होते. विक्रीचा कागद लिहिण्याचे काम, कारकून म्हणून, आमच्याकडे आले.

कागदाआधी वस्तू पाहावी, ही आमची कचेरीतली खोड. पाहतो तो पुढच्या जाळीला फटी सात. महायुद्धातल्या जीपला नऊ असत. बॉनेटही उंच, कारण आत विलिसचे उंच 'हरिकेन' एंजिन. या घाटाची गाडी १९५३ पूर्वी निघालीच नव्हती. पट्टी खरी, पण दुसऱ्या गाडीची!

गृहस्थांचा चेहरा उतरला. वडिलांचा शब्द खोटा ठरावा काय? आम्ही म्हटले, "काका, बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर आपल्या भोसल्यांचा मराठी शिलालेख आहे, १८०३ चा, देऊळ राजराजाने १०१० साली पुरे केले. म्हणून लेख का खोटा? तो स्वतःचे साल सांगतो, देवळाचे नव्हे."

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "मग दोन्ही लिहा."

आम्ही लिहिले : पट्टीवरील साल १९४४, गाडी १९५३ किंवा त्यानंतरची. गिऱ्हाइकाने दाम उतरविले. काकांनी सही केली.