काळा घोडा पाहावयास येणाऱ्यांस

मुंबईहून परतलेल्या मनुष्यास आमच्या उमापुरात पहिला प्रश्न विचारतात तो समुद्राचा, आणि दुसरा नटनट्यांच्या बंगल्यांचा. काळा घोडा या नावाची चौकशी आजवर कोणी आमच्याकडे केल्याचे स्मरत नाही. शहरातील शौकीन मंडळींत मात्र सांप्रत या भागाचा मोठा बोलबाला आहे. चित्रांची दालने, कॉफीची दुकाने, हातमागाच्या कापडाची न परवडणारी दुकाने आणि हातात कॅमेरा घेऊन हिंडणारी तरुण मंडळी असा सगळा तेथील थाट. फोर्टात नोकरीनिमित्त आमचा वावर पुष्कळ वर्षांचा असल्यामुळे हा मोहल्ला आमच्या पायाखालचा झाला आहे. सबब सुटीत मुलांस मुंबई दाखवावयास आणणाऱ्या पालकांसाठी आणि त्या मुलांसाठी चार उपयोगाच्या गोष्टी येथे नमूद करतो.

गेवराईहून छत्रपती संभाजीनगरापर्यंत बस व पुढे आगगाडी, हा मार्ग बहुतेकांच्या परिचयाचा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरल्यावर टॅक्सी करू नये. दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ दक्षिणेकडे चालत निघावे. वाटेत हुतात्मा चौक लागतो. १८६४ साली उभारलेले कारंजे आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचलेल्यांचे स्मारक येथे शेजारी शेजारी आहेत. तेथे घटकाभर थांबून महात्मा गांधी रस्त्याने पुढे गेले की अर्ध्या तासाच्या आत मनुष्य काळ्या घोड्यापाशी पोहोचतो.

नावाचा उगम असा. इंग्लंडचा युवराज, जो पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, तो १८७५ साली मुंबईस येऊन गेला. त्याच्या स्मरणार्थ आल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला ओतीव पुतळा १८७९ साली येथे उभा करविला. लोकांनी राजास बाजूस सारून घोड्याचेच नाव चौकास दिले, यात आम्हांस मोठी मौज वाटते. १९६५ साली पुतळा हलविला, तरी नाव हलले नाही. २०१७ साली त्याच परिसरात नवा घोडा उभा राहिला. त्याच्या पाठीवर कोणीही स्वार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. या भागात येणाऱ्या खेडेगावच्या माणसास प्रथम वाटते की, हे सारे आपल्यासाठी नव्हे. दगडी कमानी, काचेचे दरवाजे, इंग्रजीत कुजबुजणारे लोक हे पाहून पाय उंबऱ्याबाहेरच अडखळतो. परंतु या इमारतींच्या पायात काय पुरले आहे याचा विचार केला तर निराळेच चित्र दिसते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तिकडचा कापूस इंग्लंडातील गिरण्यांस मिळेनासा झाला. त्यामुळे गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथील कापसास न भूतो असा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. याच सुमारास गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला व मोकळ्या झालेल्या जागेवर ही नवी मुंबई उठू लागली. काळ्या घोड्याजवळच्या एका रस्त्यास रॅम्पार्ट रो, म्हणजे तटाची ओळ, हे नाव होते व जुने लोक अजून तेच वापरतात. शेजारची रोपवॉक लेन ही दोरखंड वळणाऱ्यांची गल्ली.

चौकाच्या पश्चिमेस विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आहे. कापसाच्या व शेअरांच्या व्यापारात अमाप पैसा मिळविणारे प्रेमचंद रायचंद यांनी मनोऱ्यास व ग्रंथालयास मिळून चार लाख रुपये दिले, आणि मनोऱ्यास आपल्या मातेचे नाव दिले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले व खुद्द प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. परंतु मनोरा उभा राहिला व १८७८ साली पुरा झाला. दोनशे ऐंशी फुटांचा तो मनोरा ओव्हल मैदानावरून मान उंच करून पाहावा लागतो. पाहताना आणखी एक सन ध्यानात असू द्यावा. पडलेल्या भावाने व सावकारी कर्जाने गांजलेल्या पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कुणब्यांनी १८७५ साली दंगे करून खतपत्रांच्या होळ्या केल्या. आमच्या गेवराई तालुक्याची हद्द त्याच नगर जिल्ह्यास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, लागून आहे. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता खरा, पण ज्याच्या घरी आज कापूस वेचला जातो त्यास हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

आता दरवाजे. जहांगीर कलादालन १९५२ साली सुरू झाले. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ ते बांधविले. आत जाण्यास एक पैसाही पडत नाही, आणि ही गोष्ट पालकांनी मुलांस प्रथम सांगावी. कारण ती कोणास खरी वाटत नाही. मागे आमच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांस सारा गाव तात्या म्हणतो, नातवास घेऊन आले होते. पायरीशी येऊन थांबले व विचारू लागले, “आत जायला किती पडत्याल?” काही पडत नाही, असे आम्ही सांगितले तरी त्यांचा हात खिशातच. मग त्यांनी देवळात काढाव्या तशा वहाणा काढल्या. दारावरचा रखवालदार म्हणाला, “असू द्या बाबा, पायात असू द्या.” आत एका चित्रात नांगरटीचा देखावा होता. तात्या त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि अखेर म्हणाले, “जू हाय, शिवळा हायत, पण जोतं कुठंय? बैल मान काढून घेत्याल की!” या दालनात चित्रकार पुष्कळदा आपल्या चित्रांजवळच बसलेले असतात. तो तरुण लगबगीने उठला, वही पुढे केली, आणि जोते मानेखालून कसे घेतात व शिवळेला कसे अडकवितात ते तात्यांकडून काढून घेतले. नातू वहीत डोकावून आजोबांची रेघ दुरुस्त करीत होता. आमच्या पाहण्यात या दालनात इतके नेमके परीक्षण क्वचितच झाले असेल.

दालनाच्या समोर डेव्हिड ससून वाचनालय आहे. त्याची इमारत १८७० साली पुरी झाली. ससून यांच्या देणगीपूर्वीची कथा अधिक सांगण्याजोगी आहे. १८४७ साली सरकारी टांकसाळ व गोदी यांतील कारागिरांनी यंत्रविद्येच्या अभ्यासासाठी मंडळी जमविली, तेच या संस्थेचे बीज होय. आत वाचावयास वर्गणीदार असावे लागते. परंतु दाराशी उभे राहून ससून यांचा पुतळा पाहता येतो, आणि हातोडा धरणाऱ्या माणसांनी हे उभे केले, एवढे मुलास सांगितले तरी पुरे. तिकडेच, हाकेच्या अंतरावर, एल्फिन्स्टन कॉलेज आहे. भीमराव आंबेडकर यांनी येथेच शिकून १९१२ साली बी. ए. ची पदवी मिळविली. ही इमारत नुसती रस्त्यावरून पाहिली तरी खेडेगावच्या विद्यार्थ्यास पुष्कळ काही मिळेल.

गल्लीच्या तोंडाशी यहुदी लोकांचे केनेसेथ एलियाहू हे प्रार्थनामंदिर आहे. ससून घराण्यातील जेकब यांनी ते १८८४ साली बांधविले. बायबलाच्या तासाला एलिया संदेष्ट्याचे नाव ऐकलेल्या मुलांस त्याचे नाव लगेच ओळखू येईल. कित्येक वर्षे ते निळ्या रंगाने ओळखले जाई. २०१९ साली जीर्णोद्धार पुरा होऊन त्यास जुने फिकट रूप परत मिळाले. येथे ओळखपत्र जवळ ठेवावे व शांतता पाळावी.

वस्तुसंग्रहालयास तिकीट आहे. विद्यार्थ्यांस सवलत मिळते, आणि पैसे खर्चावयाचेच असतील तर ते येथे खर्चावे, कॉफीच्या पेल्यावर नव्हे. जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या या इमारतीचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो. तिचा काळा दगड कुर्ल्याचा व पिवळा मालाडचा. काळा दगड म्हणजे आपल्या विहिरींच्या कडेला दिसतो त्याच जातीचा. पहिल्या महायुद्धात येथे जखमी सैनिकांचे रुग्णालय होते व १९२२ साली ते संग्रहालय म्हणून लोकांस खुले झाले. मुलांस कंटाळा येईपर्यंत पाहू द्यावे. कंटाळा आल्यावर एक दालनही अधिक दाखवू नये, असा आमचा अनुभव आहे. समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयास सोमवारी सुटी असते.

वॉटसन हॉटेलची जुनी लोखंडी सांगाड्याची इमारत पाहून मन खिन्न होते. तिचे लोखंड इंग्लंडात ओतून येथे आणून जोडले, आणि १८९६ सालच्या ७ जुलै रोजी हिंदुस्थानातील पहिला चलत्चित्रपट तिथे दाखविण्यात आला. ती आज जीर्ण होऊन पडली आहे. जहांगीरमधील समोवार हे उपाहारगृह २०१५ साली बंद झाले आणि पुढच्या वर्षी ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या तबकड्यांचे जुने दुकानही मिटले. या भागात नव्या तऱ्हेची दुकाने येतात व जातात. त्यांविषयी येथे लिहिणे म्हणजे पाण्यावर अक्षरे काढणे होय, म्हणून नावे देत नाही. भुकेस फोर्टातील गल्ल्यांतून हापिसातल्या लोकांच्या रांगा जेथे दिसतील तेथे उभे राहावे. वडापाव पोटभर मिळतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाशी बोलणे सुरू होते.

फेब्रुवारीच्या सुमारास १९९९ पासून येथे कलांचा उत्सव भरतो. त्या दिवसांत गर्दी अतोनात असते. लहान मुलांस घेऊन येणाऱ्यांनी साध्या दिवसाची सकाळ पसंत करावी.

मूळचा राजा पाहण्याची ज्यांस हौस असेल त्यांनी भायखळ्यास जावे. तेथे जिजामाता उद्यानात तो आपल्या काळ्या घोड्यासह झाडांच्या सावलीत आहे. बुधवार टाळावा, त्या दिवशी बाग बंद असते.