धरण आणि धरणे : डॅन्यूबच्या सफरीमागचा इतिहास (दीर्घ धागा)

युरोपातील नदीसफरीच्या जाहिरातींत डॅन्यूब नेहमी एकाच रूपात भेटते. संथ पाणी, काठावर द्राक्षांचे मळे, टेकडीवर एखादा भग्न किल्ला आणि पुढून सरकणारे पांढरे, लांबट जहाज. पाहणाऱ्याची समजूत अशी होते की, दृश्य शतकानुशतके हेच आहे, जहाज तेवढे नवे. वस्तुस्थिती वेगळी आहे. या दृश्याचे कितीतरी तुकडे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी काही माणसे हटून बसली म्हणून शिल्लक राहिले आहेत. आणि जिथे हटून बसण्याची मुभाच नव्हती, तिथे जहाज एका बुडालेल्या गावावरून जाते.

मराठीत ‘धरणे’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक नदीवर बांधलेली धरणे, दुसरे अन्यायाविरुद्ध धरलेले धरणे. डॅन्यूबच्या विसाव्या शतकाचा इतिहास सांगायला हा एक शब्द जवळजवळ पुरेसा आहे.

आधी नदीविषयी थोडे. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम, काळ्या समुद्रात शेवट, लांबी सुमारे २,८५० किलोमीटर, काठावर १० देश. तिचे अंतर मुखाकडून उगमाकडे मोजतात, त्यामुळे खाली जाणाऱ्या जहाजावरील प्रवाशाला काठावरच्या फलकांवरचे आकडे घटत जाताना दिसतात. पूर्वी उल्म शहरातून सपाट लाकडी होड्या प्रवाहाबरोबर निघत. प्रवाहाविरुद्ध त्या परत आणणे परवडत नसे, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पुष्कळदा त्या मोडून लाकूड म्हणून विकल्या जात. डॅन्यूब ही एका दिशेची वाट होती. ती दुहेरी केली वाफेने. १८२९ साली व्हिएन्नात डॅन्यूब आगबोट कंपनी स्थापन झाली आणि १८३० साली तिची ‘फ्रान्झ पहिला’ ही आगबोट व्हिएन्नाहून पेस्टला गेली.

आजच्या सफरी जहाजाचा लांबट आकार ही शोभेची बाब नाही. राइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा १९९२ साली पूर्ण झाला. त्यावरची लॉक, म्हणजे जहाजाला पाण्यासकट वर उचलणाऱ्या किंवा खाली उतरवणाऱ्या दारबंद पेट्या, १२ मीटर रुंद आहेत. म्हणून जहाजाची रुंदी ११.४ मीटरच्या आसपास आणि लांबी फार तर १३५ मीटर. दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून जहाज लॉकमध्ये शिरते, तेव्हा कठड्याशी उभ्या प्रवाशाचा हात ओल्या भिंतीला सहज लागावा.

लॉक आले म्हणजे धरण आले. डॅन्यूब ऑस्ट्रियातून सुमारे ३५० किलोमीटर वाहते आणि त्या अंतरात तिच्यावर दहा जलविद्युत प्रकल्प आहेत. जिथे ती अजून मोकळी वाहते असे मोठे पट्टे दोनच उरले. पहिला मेल्क ते क्रेम्स दरम्यानचा वाखाऊ, दुसरा व्हिएन्नाच्या पूर्वेचा. सफरीच्या पत्रकांत वाखाऊला पहिला मान असतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२च्या अखेरीस जिथे कैदेत पडला तो ड्यूर्नश्टाइनचा किल्ला याच पट्ट्यात आहे. जहाजावरचा मार्गदर्शक रिचर्डची कथा रंगवून सांगतो. याच दरीत १९७०च्या दशकात धरण योजले होते आणि काठावरच्या लोकांनी वर्षानुवर्षे विरोध करून ते सोडून द्यायला लावले, ही कथा मात्र तो क्वचितच सांगतो. २००० साली वाखाऊ जागतिक वारसा यादीत गेले. वारसा ठरायला आधी ते उरावे लागते.

क्रेम्सच्या खाली उजव्या तीरावर त्स्वेंटेनडॉर्फ येते. तिथली राखाडी, चौकोनी इमारत हे पूर्ण बांधून झालेले अणुवीज केंद्र आहे. ते एक दिवसही चालले नाही. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ऑस्ट्रियात सार्वमत झाले आणि ५०.४७ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले. जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने थंड राहिलेली ही अणुभट्टी कोणत्याही राजवाड्याइतकीच प्रेक्षणीय आहे, पण तिचे छायाचित्र काढणारे थोडे.

व्हिएन्नाच्या पूर्वेला हाइनबुर्गचे पाणथळ अरण्य लागते. १९८४ साली येथे वीजप्रकल्पासाठी झाडे तोडायची ठरली. त्या वर्षीच्या मे महिन्यात काही राजकारणी, पत्रकार आणि निसर्गप्रेमी चक्क प्राणी-पक्ष्यांचे वेष घालून पत्रकार परिषदेला बसले. लोक हसले, पण प्रश्न घरोघरी पोचला. डिसेंबरमध्ये हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत त्या अरण्यात तंबू ठोकून राहिली. १९ डिसेंबरला पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अनेक जण जखमी झाले, आणि त्याच दिवशी व्हिएन्नाच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला. नाताळच्या तोंडावर चॅन्सेलर फ्रेड सिनोवात्स यांनी काम थांबवले. १९९६ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. ऑस्ट्रियन लोक धरणांचे सरसकट शत्रू होते असे मात्र नव्हे. व्हिएन्ना शहरातल्या फ्रॉयडेनाऊ प्रकल्पाला १९९१ साली तेथील नागरिकांनी मतदानाने मान्यता दिली आणि तो बांधला गेला. मुख्य मुद्दा विचारले जाण्याचा होता.

ब्रातिस्लाव्हानंतर जहाज मूळ नदी सोडून एका रुंद, उंच बांधाच्या कालव्यात शिरते आणि गाब्चिकोव्होच्या लॉकमध्ये सुमारे २० मीटर खाली उतरते. यामागे १९७७चा चेकोस्लोव्हाकिया-हंगेरी करार आहे. वर गाब्चिकोव्हो आणि खाली हंगेरीत नॉज्मारोश, अशी जोडधरणे व्हायची होती. नॉज्मारोशची जागा म्हणजे डॅन्यूबचे सुप्रसिद्ध वळण. विशेग्राडचा किल्ला डोक्यावर घेऊन नदी जिथे पूर्वेकडून दक्षिणेकडे वळते, नेमकी तीच.

हंगेरीत तेव्हा एकपक्षीय राजवट होती. शासकीय प्रकल्पावर उघड टीका करणे म्हणजे नोकरी गमावण्याची तयारी ठेवणे. तरीही जीवशास्त्रज्ञ यानोश वर्गा यांनी लिहायला सुरुवात केली, त्यांच्याभोवती ‘डॅन्यूब मंडळ’ उभे राहिले, हजारोंनी सह्या केल्या. १९८५ साली या मंडळाला ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. १९८६ साली नदीकाठी काढलेली साधी पदयात्राही पोलिसांनी उधळली. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि इतिहासातील दुटप्पीपणाचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही: हाइनबुर्गला स्वतःच्या नागरिकांपुढे माघार घेतलेल्या ऑस्ट्रियाने नॉज्मारोशच्या धरणासाठी कर्ज आणि कंत्राटदार पुरवण्याचा करार केला. परतफेड हंगेरीने विजेच्या रूपात करायची होती. वीज ऑस्ट्रियाची, उजाड होणारा काठ हंगेरीचा.

१९८८ साली बुडापेस्टमध्ये हजारो माणसे या धरणाविरुद्ध रस्त्यावर आली. नदीच्या निमित्ताने बोलायला शिकलेले लोक पुढे इतर विषयांवरही बोलू लागले. मे १९८९मध्ये हंगेरीने नॉज्मारोशचे काम थांबवले. पलीकडच्या बाजूने मात्र ऑक्टोबर १९९२मध्ये नदीचे बहुतांश पाणी एकतर्फी कालव्यात वळवले. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २५ सप्टेंबर १९९७च्या निकालात करार सोडल्याबद्दल हंगेरी आणि वळवलेले पाणी वापरात आणल्याबद्दल स्लोव्हाकिया, असे दोघांनाही दोषी धरले. प्रवासी लॉकमध्ये उतरतो तो स्लोव्हाकियाने पुरा केलेला अर्धा करार. पुढे ज्या वळणाची छायाचित्रे काढतो, तो हंगेरीने मोडलेला अर्धा.

बुडापेस्टला स्वतंत्र धागा लागेल. ते ओलांडून, बेलग्रेडही मागे टाकून, जहाज कार्पेथियन डोंगरांच्या घळीत शिरते. हीच ‘लोखंडी दारे’. एकेकाळी येथे खडक आणि भोवरे इतके होते की, वाटाड्यावाचून कोणी शिरत नसे. १८९६ साली सिपचा कालवा खोदला, तर त्यातला प्रवाह एवढा जोराचा निघाला की, पुढे जहाजे वर ओढायला काठाने रेल्वेचे इंजिन लावावे लागले. आता पाणी तळ्यासारखे स्तब्ध आहे. टिटोंचा युगोस्लाव्हिया आणि रोमानिया यांनी १९६४ ते १९७२ या काळात बांधलेल्या धरणामुळे येथील पातळी तीस मीटरहून अधिक चढली.

धरणाने वीज दिली, वाट सुरक्षित केली, हे नाकारता येत नाही. त्या आधीची घाई पुरातत्त्वालाही लाभली. १९६५पासून द्रागोस्लाव्ह स्रेयोविच यांनी केलेल्या उत्खननात लेपेन्स्की वीर ही सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची वसाहत उजेडात आली आणि ती वर हलवली गेली. सम्राट ट्रेजनचा शिलालेख खडकासकट कापून वर नेला, त्याने कोरलेला रस्ता पाण्याखाली राहिला. काठावर दिसणारा राजा डेसिबॅलसचा प्रचंड दगडी चेहरा प्राचीन समजून अनेक जण भारावतात, पण तो १९९४ ते २००४ दरम्यान कोरला आहे.

ओर्शोव्हाच्या थोडे खाली नदीच्या मध्यावर आदा काले नावाचे बेट होते. तुर्की ‘आदा’ म्हणजे बेट आणि ‘काले’ म्हणजे दुर्ग. मराठी ‘किल्ला’ आणि तुर्की ‘काले’ ही एकाच अरबी शब्दाची लेकरे, तेव्हा नावाचे सरळ भाषांतर जलदुर्ग. लांबी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. वस्ती तुर्की मुसलमानांची. १८७८च्या बर्लिन काँग्रेसमध्ये युरोपचे नकाशे वाटून घेणारे मुत्सद्दी हे बेट चक्क विसरले. परिणामी भोवतालचे सारे गेले तरी कायद्याने ते ऑटोमन सुलतानाचेच राहिले आणि कर व लष्करभरतीपासून मोकळे राहिले. १९१३ साली हंगेरीने ते जोडून घेतले, पहिल्या महायुद्धानंतर ते रोमानियाकडे गेले. अरुंद गल्ल्या, मशीद, अंजिरे, गुलाब, तंबाखू, तुर्की मिठाई. दोन युद्धांमधल्या काळात पर्यटक मुद्दाम तेथे उतरत.

येथे कोणी तंबू ठोकले नाहीत, मोर्चा निघाला नाही, मतदान झाले नाही. तशी सोयच नव्हती. बेट पाण्याखाली जाण्यापूर्वी इमारती पाडल्या गेल्या, मिनारही सुरुंगाने उडवला. किल्ल्याचे काही अवशेष खालच्या शिमियान बेटावर नेऊन नवे आदा काले वसवण्याचा बेत होता, तो वसला नाही. रहिवासी कोणी तुर्कस्तानात गेले, कोणी काळ्या समुद्राकाठी कॉन्स्टान्त्साला. १९७०-७१च्या सुमारास बेट बुडाले.

त्या मशिदीत सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने भेट दिलेला एक भलामोठा गालिचा होता. तो आधीच काढून कॉन्स्टान्त्साच्या मोठ्या मशिदीत नेला होता. काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या सफरीतले प्रवासी पुष्कळदा ती मशीद पाहायला जातात, आणि गालिचा तिथेच आहे.