आईचे नवे गुडघे

गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण आपल्याला गुडघे आहेत याची आठवण ते दुखू लागेपर्यंत कुणालाच होत नाही. आमच्या आईला मात्र ती उठता-बसता होई. आमगावच्या धानाच्या बांधीत आणि चुलीपुढे उकिडवे बसण्यात तिचे आयुष्य गेले. 2000 साली पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तेव्हा ती म्हणाली होती, “मोठ्या लोकांचं आहे बाप्पा ते!” अखेर गेल्या वर्षी नागपुरास तिचेही दोन्ही गुडघे बदलले.

डॉक्टरांनी मला नमुना दाखवला. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीवर धातूची ताटली, मध्ये प्लास्टिकची गादी. “म्हणजे दाराची बिजागरीच की!” मी म्हणालो. डॉक्टर हसले. खरा गुडघा वाकतो तेव्हा मांडीचे हाड नडगीवर मागे सरकते, बाहेरच्या बाजूने जरा अधिक, आणि नडगी किंचित आत वळते. हलत्या क्ष-किरण चित्रांत पाहिले, तर कृत्रिम सांध्यात हे मागे सरकणे बहुधा कमी दिसते. कधी हाड उलट पुढेच घसरते. चालायला 60-70 अंशांचे वाकणे पुरते, खुर्चीवरून उठायला 90-100 लागते. उकिडवे बसायला मात्र 130 हून अधिक. नवा गुडघा पुष्कळदा 110-120 वरच थांबतो.

सालेकशाचे मामा नेमके इथेच अडून बसले होते. त्यांचेही गुडघे झिजलेले, पण “जमिनीवर बसता येत नसेल, तर सणवार कायचे?” हा त्यांचा वर्षभराचा सवाल.

यंदा भाऊबीजेला ते हट्टाने पाटावर बसले. आई खुर्चीवर. निरांजन त्यांच्या कपाळापर्यंत पोहोचेना. शेवटी आम्ही दोघांनी मामांना काखेत धरून उठवले आणि समोरच्या खुर्चीत बसवले. ओवाळणे झाले. मग आई तबक घेऊन उठली, ओट्याच्या तीन पायऱ्या भिंतीला हात न लावता उतरली आणि तुळशीपाशी दिवा ठेवून तशीच परत आली.

मामा तिच्या पावलांकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले,

“तुले चालाले किती दिस लागले वं बाई?”

“दुसऱ्याच दिवशी उभी केली मले,” आई म्हणाली. “येतोस का?”