अम्मीचा रिपोर्ट

गेल्या ईदनंतर अम्मीच्या रक्ताची तपासणी केली. तिला बऱ्याच वर्षांपासून थायरॉइडचा त्रास आहे, रोज एक गोळी असते. रिपोर्टमध्ये टीएसएचचा आकडा मर्यादेबाहेर गेलेला, ठळक छापलेला. मी भाषा शिकवणारी शिक्षिका. कागद वाचता येतो याचा मोठा भरवसा. थायरॉइड वाढलाय म्हणजे गोळी जास्त होतेय, असे ठरवून डॉक्टरांना न विचारताच मी गोळी अर्धी केली.

पुढच्या दोन महिन्यांत अम्मी मंदावत गेली. ऐन मे महिन्यात शाल पांघरून बसायची. आवाज घोगरा झाला. तिलावत करता करता डोळा लागायचा. "अम्मी, जरा चाल-फिर ना, बसून बसून अंग जड झालंय तुझं," असे मी चिडून बोललेही. ती गप्प राहायची.

शेवटी कराडला डॉक्टरांकडे नेले. आकडा आणखी चढला होता. मी गोळी अर्धी केल्याचे सांगताच डॉक्टर म्हणाले, "मॅडम, टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतो. तो वाढलाय, कारण यांचं थायरॉइड कमी पडतंय."

मग त्यांनी समजावले. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन वापरून थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, बनवते. पेशींनी किती वेगाने काम करायचे, शरीरात ऊब किती राहायची, हे त्यावर ठरते. वाटाण्याएवढी पीयूषिका रक्तातल्या थायरॉक्सिनवर नजर ठेवून असते. ते कमी पडले की ती टीएसएच वाढवून थायरॉइडला आणखी बनवायला सांगते. पुरेसे झाले की टीएसएच आपोआप उतरतो.

आम्हा कोयनानगरच्या माणसांना हे कळायला अवघड नाही. उन्हाळ्यात सांगलीकडे कृष्णेचे पाणी कमी झाले की ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडण्याची मागणी वाढते. पाणी पोचले की मागणी थांबते. मागणी वाढली म्हणून सांगलीला पूर आला, असे कोणी म्हणेल का? मी नेमके तेच म्हटले होते.

पण आकडा मुळात वाढला कशाने? अम्मी खाली बघत म्हणाली, "रमजानमध्ये गोळी राहूनच गेली. सहरीला उठलं की आधी चहा. तुला सांगितलं असतं, तर तू रोजे सोडायला लावले असतेस." ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. थायरॉक्सिन शरीरात बरेच दिवस टिकते, त्यामुळे एक-दोन दिवस चुकल्याचे कळत नाही. महिनाभर चुकले की मात्र अंगावर येते.

डॉक्टर हसले. "यासाठी रोजे कशाला सोडायचे? सहरीच्या अर्धा-एक तास आधी घ्या, नाहीतर इफ्तारनंतर तीन-चार तासांनी, झोपताना. फक्त कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवा."

निरोगी शरीर रोज्यातही आपला तोल सांभाळते. रक्तातली साखर उतरू लागली की इन्सुलिन कमी होते, ग्लुकागॉन वाढते आणि यकृत साठवलेली साखर सोडते. सूरह रहमानमध्ये मीजानचा उल्लेख आहे. तो वाचताना आता मला अंगातले हे तराजूही आठवतात. अम्मीचे एक पारडे दुबळे आहे, त्याला गोळीचा टेकू लागतो. तोच मी काढून घेतला होता.

पूर्ण गोळी पुन्हा सुरू केली. सहा आठवड्यांनी आकडा उतरला, अलहमदुलिल्लाह. शाल पेटीत गेली. मी माफी मागितली तेव्हा अम्मी म्हणाली, "माझंही चुकलं, मी लपवलं."

आता रमजानच्या आधी मी दोन गोष्टी करते. डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घेते आणि सहरीचा गजर अर्धा तास अलीकडे लावते. आणि घरातली बाई मंदावली, तर तिला आळशी म्हणण्याआधी तिची तपासणी करून घ्यावी, आणि रिपोर्ट डॉक्टरांनाच वाचू द्यावा, एवढे शिकले आहे.