टरफलाचा जमाखर्च

व्यापाऱ्याच्या वहीत टरफलाला सहसा स्वतंत्र खाते नसते. गराची प्रत लागते, त्याचा भाव फुटतो. टरफल मात्र ‘घट’ या एका शब्दात संपते. वास्तविक 100 किलो काजूबियांतून गर मिळतो तो साधारण 25 ते 30 किलो. उरलेल्या वजनाचा मोठा वाटा टरफलाचाच असतो. वेंगुर्ले, मालवण परिसरातील काजू कारखान्यांतून निघणारे टरफल काही प्रमाणात तेल काढण्यासाठी विकले जाते, काही भट्टीत जळते. ते तेल वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरात, रंगांत व राळेत वापरले जाते. अलीकडच्या काळात त्याला आणखी एक वाट सापडली आहे, ती म्हणजे गुरांची गव्हाण.

ही वाट ऐकताच शंका यावी, इतके ते तेल दाहक असते. काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे. बिब्बा उततो तसेच काजूचे तेलही त्वचेला भाजते. बी फोडणाऱ्या स्त्रिया हातांना राख किंवा तेल लावून बसतात ते याच कारणाने. मग असा पदार्थ जनावराच्या मुखी जावा कशासाठी?

उत्तर गाईच्या कोठीपोटात आहे. तेथे असंख्य सूक्ष्म जीव चाऱ्याचे विघटन करतात. त्या क्रियेत हायड्रोजन निर्माण होतो, आणि काही सूक्ष्म जीव त्यापासून मिथेन तयार करतात. ढेकरेवाटे हा मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट मानली जाते. शिवाय खाद्यातील 2 ते 12 टक्के ऊर्जा या वाटेने वाया जाते. म्हणजे मालकाने मोजलेल्या पैशांचाही काही भाग हवेत जातो. 2019 च्या पशुगणनेनुसार भारतात गोवंश सुमारे 19.3 कोटी आणि म्हशी सुमारे 11 कोटी आहेत. हे आकडे पाहता ही गळती लहान म्हणता येणार नाही.

काजूच्या कच्च्या तेलातील प्रमुख घटक ॲनाकार्डिक आम्ल. हायड्रोजन निर्माण करणाऱ्या काही जीवाणूंना ते रोखते. जपानमध्ये या गुणाचा पद्धतशीर अभ्यास झाला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दूध न देणाऱ्या तीन होल्स्टीन गाईंना दर 100 किलो वजनामागे दररोज 4 ग्रॅम तेल गोळीच्या रूपात देण्यात आले. खाल्लेल्या कोरड्या खाद्याच्या प्रमाणात मोजलेला मिथेन पहिल्या चाचणीत 38.3 टक्क्यांनी, तर दुसरीत 19.3 टक्क्यांनी घटला. तेलाची मात्रा दोन्ही वेळी तीच होती. वेगळे होते ते गोळीतील इतर घटक.

जाणत्या व्यापाऱ्याने यातून दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. गाई तीनच होत्या, तेव्हा या आकड्यांवर मोठा सौदा बांधू नये. आणि मात्रा ग्रॅममध्ये होती. 500 किलोच्या गाईला दिवसाला 20 ग्रॅम तेल देणे निराळे आणि कारखान्यातील टरफल भरडून आंबोणात मिसळणे निराळे. टरफल तापले की त्यातील ॲनाकार्डिक आम्लाचे कार्डानॉल होते आणि गुण बदलतो; न तापलेले टरफल दाह करते. त्यामुळे पुण्यबुद्धीने गोशाळेला काजूचे टरफल पाठविणे हे दान ठरणार नाही.

येथूनच खरा प्रश्न सुरू होतो. टरफल गव्हाणीत शिरण्याची दुसरी वाट फार जुनी आहे, आणि ती भेसळीची आहे. भुईमुगाच्या टरफलात बहुतांश तंतूच असतात, प्रथिने नाममात्र. ते बारीक दळून पेंडीत मिसळले की वजन वाढते आणि पोषण घटते. टरफल दमट असेल तर बुरशीचे विषही त्यातून येऊ शकते. गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो. अशा वेळी नुकसान गोठ्यापाशी थांबत नाही. ते घरातल्या दुधाच्या पेल्यापर्यंत येते.

मग पूरक खाद्य कोणते आणि भेसळ कोणती? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात याचे व्यवहारी उत्तर सापडते. जगातील सुमारे 80 टक्के बदाम तेथे पिकतात, आणि बदामाची वरची मांसल साल वाळवून तेथील दुभत्या गाईंना पूर्वापार खाऊ घातली जाते. मात्र कठीण कवच त्यात मिसळले गेले, तर तंतूंचे प्रमाण वाढते. म्हणून तंतू 15 टक्क्यांपर्यंत असतील तरच तो माल ‘बदामाची साल’ या नावाने विकता येतो. त्याहून अधिक असतील तर ‘साल व कवच’ असे स्पष्ट लिहावे लागते. कवच विकण्यास बंदी नाही, ते लपविण्यास आहे. घेणारा त्यानुसार भाव ठरवितो आणि कोणाची फसवणूक होत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्यात हलके मिसळून विकणे, येतो. अहिंसेच्या अतिचारांत अन्नपाननिरोध येतो. टरफलाची पेंड गाईपुढे टाकताना हे दोन्ही एकाच वेळी घडतात. घेणाऱ्याचे धन जाते आणि गाय भरल्या पोटी उपाशी राहते. तिला पोतडीवरचे अक्षर वाचता येत नाही, वजनकाटा तपासता येत नाही, तक्रारही करता येत नाही. म्हणून तिच्या वतीने विचारणे हे खाद्य विकणाऱ्याचे, घेणाऱ्याचे आणि गोशाळेच्या विश्वस्तांचे काम आहे. यात काय आहे, किती आहे, कोणी तपासले आहे, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत असतील, तर टरफलालाही वहीत मानाचे खाते उघडावे. मिळत नसतील, तर ते भट्टीतच बरे.